आधी इयत्ता ठरव, मग पदवी

आलेलं पत्र :

‘ताई, मी विट्याजवळच्या एका गावची. बी.ए. भाग ३ ला आहे, विषय भूगोल. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामानं तमिळनाडूत असतात, दिवाळीला आणि जत्रेला येतात. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आमच्या सोप्यात गल्लीतली पोरं गोळा करून शिकवायचे. दुसरीतल्या एका मुलीला अक्षरं जुळवता येत नव्हती. काही महिन्यांनी ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. तेव्हाच शिक्षिका व्हायचं ठरवलं. पण रस्ता कळत नाही. मामा म्हणतात, विद्यापीठात जाऊन शिक्षणशास्त्रात एम.ए. कर, मोठी पदवी आहे. चुलतभाऊ म्हणतो, बी.एड.ला कुठंतरी नाव घाल, फक्त परीक्षेला जायचं. शेजारी म्हणतात, डी.एड., बी.एड. केलेली पोरं घरात बसलीत, शेवटी संस्थेत पैसे भरावे लागतात, त्यापेक्षा हिचं लग्न करा. विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकून शिक्षिका होता येतं का? आणि त्यात घरच्यांचे पैसे वाया जातील का?’

पोरी,

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. शिक्षणशास्त्रात एम.ए. केलंस आणि बाकी काहीच केलं नाहीस, तर शाळेत शिक्षिका म्हणून तुझी नेमणूक होणार नाही. मामांची इच्छा चांगली आहे आणि पदवीही चांगली आहे. शिवाजी विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा विभाग आहे आणि तिथं शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. पण एम.ए.मध्ये शिक्षणाचा अभ्यास होतो. त्याचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, इतिहास, धोरणं, संशोधन हे सगळं त्यात येतं. वर्गात उभं राहण्याचा परवाना मात्र वेगळ्या अभ्यासक्रमातून मिळतो. तो डी.एल.एड. (आपण अजून डी.एड.च म्हणतो), बी.एड. किंवा नवा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम यांतूनच मिळतो, आणि त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, मान्यता लागते. या फरकाकडे लक्ष न देता दोन वर्षं घालवलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हे अगदी सुरुवातीलाच लिहिलं.

आता तुला एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर घाईनं देऊ नकोस. तुला कोणत्या वयाच्या मुलांसमोर उभं राहायचंय?

रस्ता यावरच ठरतो. तुझ्या पत्रातली जी मुलगी माझ्या लक्षात राहिली ती दुसरीतली आहे. तुझी पदवी मात्र भूगोलाची आहे आणि भूगोल हा स्वतंत्र विषय म्हणून मोठ्या वर्गांत शिकवला जातो. अक्षरओळख नसलेल्या लेकराला वाचतं करण्यात तुझा जीव रमत असेल, तर पहिली ते पाचवी हे तुझं क्षेत्र आणि त्यासाठी डी.एल.एड.च लागतं. बी.एड. केलेल्यांना मध्यंतरी प्राथमिकला घेत होते. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते दार बंद केलं. न्यायालयाचं म्हणणं असं की लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते डी.एल.एड.मध्येच शिकवलं जातं. मला हा निकाल पटतो. सहा वर्षांच्या मुलाला ‘क’ आणि ‘का’ यातला फरक समजावणं हे दहावीला पर्जन्यमान शिकवण्यापेक्षा सोपं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं.

डी.एल.एड.ला बारावीनंतर प्रवेश मिळतो, तेव्हा पदवीनंतर ते करणं म्हणजे मागं जाणं, असं तुला चार जण सांगतील. तसं मानू नकोस. पदवी झालेली, जगाचा भूगोल माहीत असलेली मुलगी पहिलीच्या वर्गाला मिळाली तर त्यात त्या वर्गाचंच भाग्य आहे. सातारा जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, फलटणला आहे आणि तुमच्या जिल्ह्याची सांगलीत. तिथं एकदा जाऊन ये. या संस्था नोकरीतल्या शिक्षकांनाही प्रशिक्षण देतात, त्यामुळे शाळांची खरी हालहवाल तिथं कळते.

सहावी ते दहावी शिकवायचं असेल तर बी.एड. कर. सहावी ते आठवीला पदवी आणि बी.एड. चालतं, नववी-दहावीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड. लागतं, अकरावी-बारावीला त्या विषयाचं एम.ए. आणि बी.एड. म्हणजे एम.ए. करायचंच झालं तर तुझ्या उपयोगाचं एम.ए. भूगोलाचं आहे, शिक्षणशास्त्राचं नाही. शिक्षणशास्त्रातलं पुढचं शिक्षण, म्हणजे एम.एड. आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), हे शिक्षकांना घडवणाऱ्या महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तेव्हाचं. आधी काही वर्षं शाळेत घाल, मुलांकडून शिक, मग तिकडं जा. ज्यानं कधी शाळेचा वर्ग सांभाळलेला नाही अशा माणसानं शिक्षक घडवायला बसू नये, हे माझं ठाम मत आहे.

चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाबद्दलही तू कुठंतरी ऐकलं असशील. बारावीनंतर थेट बी.ए.-बी.एड. किंवा बी.एस्सी.-बी.एड., प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हाच पुढचा मुख्य रस्ता ठरवलेला आहे. तो तुझ्यासाठी राहिला नाही, तुझं भाग ३ चालू आहे. घरात कोणी अकरावी-बारावीला असेल तर त्याला जरूर सांग.

आता चुलतभावाच्या सल्ल्याकडे येते. या पत्राला उत्तर लिहायला बसले ते खरं तर त्याच एका वाक्यामुळे.

‘फक्त परीक्षेला जायचं’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि दरवेळी तितकाच त्रास होतो. बी.एड. २०१५ पासून एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, ते उगाच नाही. वाढलेल्या वेळातला मोठा हिस्सा शाळेसाठी आहे. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे छात्राध्यापकानं खऱ्या शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी थोडे, दुसऱ्या वर्षी सलग सोळा. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर तुझेच मित्रमैत्रिणी, आणि त्यात एकच कौशल्य साधायचं. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फलकलेखन, परवा फक्त उदाहरण देणं. मग सराव पाठ. पाठ टाचण लिहायचं, ते तपासून घ्यायचं, वर्गात जायचं. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले असतात आणि पाठ संपल्यावर तुझी एकेक चूक सांगतात. रडू येतं कधी कधी. पण पुढच्या पाठाला तीच चूक होत नाही.

हे सगळं न करता कागद मिळवला तर काय होतं, ते तुझ्याच विषयात दाखवते.

समज, तू आठवीला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवतेयस. शाळा आटपाडीची किंवा दहिवडीची. प्रशिक्षण न घेतलेला माणूस काय करील? पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहील, मुलांना उतरवून घ्यायला सांगील, ‘पाठ करा, परीक्षेला येतं’ म्हणेल. तास संपला. आता दुसरी बाई त्याच वर्गात जाते. ती व्याख्या सांगत नाही. ती विचारते, जूनमध्ये आपल्याकडं आभाळाचं काय होतं? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणतो, ‘बाई, ढग येत्यात पर पुढं जात्यात.’ वर्ग हसतो. पण ती बाई तिथंच थांबते, कारण तिला माहीत असतं की पूर्ण धडा या एका वाक्यात आहे. ती तेच वाक्य फळ्यावर लिहिते, त्याच्याच शब्दांत. मग सह्याद्रीची रांग काढते. एका बाजूला महाबळेश्वर, वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दुसऱ्या बाजूला माण, म्हणजे दहिवडीचा तालुका, तिथं पाचशेच्या आसपास. दोन्हींचा जिल्हा एकच, सातारा. ‘मग ढग इथं येईपर्यंत त्यांच्यातलं पाणी गेलं कुठं?’ हा प्रश्न ती मुलांवर सोडते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं शिकावं लागतं. नव्या शिक्षकाला वर्गातली शांतता सहन होत नाही, तो लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

आणि तुझ्या खानापूर तालुक्यात तर याच्या पुढचा धडा घराजवळच आहे. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते खानापूर, आटपाडीच्या माळावर आणलंय. पाणी उताराकडं वाहतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग आपल्याकडं ते चढ चढून कसं आलं? यावर एक तास घे, मुलं घरी जाऊन आजोबांना विचारतील, पाणी यायच्या आधी कसं होतं. ज्या भागानं पाण्यावाचून माणसं परमुलखात धाडली, तुझे वडीलही त्यातलेच, त्या भागात भूगोल शिकवणारी बाई त्याच मातीतली असेल तर ती शिकवण्यात केवढं बळ येईल! हे पुस्तकातून आपोआप येत नाही. मुलाच्या तोंडचं वाक्य उचलायचं कसं, चुकीचं उत्तर देणाऱ्याला न दुखावता पुढं न्यायचं कसं, कन्नड बोलणाऱ्या घरातून आलेल्या जतच्या पोराला वर्गात बोलतं करायचं कसं, ऊसतोडीच्या हंगामात चार महिन्यांसाठी आलेल्या लेकरानं कुठून सुरुवात करायची, हे सगळं सराव पाठात आणि त्या वीस आठवड्यांत हाताला लागतं. चुलतभाऊ तुला नेमकं तेवढंच सोडून दे म्हणतोय.

तुझ्या वडिलांना हे पटकन समजेल. भट्टीजवळ वर्षानुवर्षं बसल्याशिवाय गलाईचं काम येत नाही, आणि न शिकलेल्याच्या हाती कोणी आपलं सोनं देत नाही. पोरं तर सोन्याहून मोलाची. एवढंच त्यांना सांग.

आपल्या भागात हे नवं नाही. सावित्रीबाई नायगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या. शाळा चालवायची म्हणून त्यांनी अहमदनगरला आणि पुण्याला अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे फार कमी जण सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली. त्यांनी साताऱ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केलं १९३५ मध्ये, आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० मध्ये. आधी शिक्षक, मग हायस्कूल. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर तिथं टिकणारा, तयार झालेला शिक्षक आधी हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढं १९५५ मध्ये रयतनंच साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन काढलं. तू ज्या वाटेनं निघालीस ती आपल्याच मुलखातली जुनी, चांगली वाट आहे.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीत. डी.एड., बी.एड. झालेली पुष्कळ मुलं वाट पाहत बसलीत, हे खरं आहे, आणि मी तुला गोड बोलून फसवणार नाही. नोकरीचा रस्ता असा आहे. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते. पहिला पेपर पहिली ते पाचवीचा, दुसरा सहावी ते आठवीचा, दोन्ही दीडशे गुणांचे, खुल्या गटाला साठ टक्के लागतात. दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्राला साठ गुण आहेत, भूगोलवालीला ते सोयीचं आहे. टीईटीला आता कोणी हलकं घेऊ नये. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्यांनाही, पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल तर, ती उत्तीर्ण व्हायला सांगितलंय.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या राज्याच्या शिक्षक भरतीच्या पोर्टलमधून जिल्हा परिषदा आणि अनुदानित संस्थांच्या जागा भरतात. यातली खरी अडचण वेळेची. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. पहिली आणि दुसरी यांच्यातल्या पाच वर्षांत कितीतरी जणांची उमेद गेली. शिवाय निवड झाल्यावरही आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. त्यानंतर वेतनश्रेणी.

म्हणून वाट पाहण्याची तयारी ठेव, पण ती रिकाम्या हातानं पाहू नकोस. शिकवणी घे, जवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर काम मिळालं तर घे, भूगोलाचं एम.ए. पूर्ण कर.

पैसे भरण्याबद्दल मात्र दोन मतं नाहीत. भरू नकोस. अनुदानित संस्थेला मुलाखत घेऊन शिक्षक निवडता येतो, पण उमेदवार पोर्टलवरूनच येतात. बाहेरून कोणी ‘जागा पक्की करतो’ म्हणत असेल तर तो तुझ्या वडिलांची कमाई पक्की करतोय, स्वतःसाठी. विनाअनुदानित शाळेत ‘आज ना उद्या अनुदान येईल’ या आशेवर आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेले शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसलेले आपण वर्षानुवर्षं पाहतोय. ती माणसं कामाला कमी नव्हती. त्यांच्या बाबतीत जे झालं ते अन्यायाचंच आहे, आणि जाणूनबुजून त्यात कोणी उडी घेऊ नये.

फीबद्दल. बी.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटीतून आणि केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासूनच स्वतंत्र योजना आहेत. ही सवलत केंद्रीय फेरीतून आलेल्यांना मिळते, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, हे आत्ताच तहसीलातून काढून ठेव. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात. आणि सीईटीसाठी निकालाची वाट बघत बसू नकोस. अर्ज साधारण हिवाळ्यात सुटतात, परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, भाग ३ ला असतानाच ती देता येते. निकालानंतर जागी झालीस तर वर्ष गेलं. पदवीला पन्नास टक्के लागतात, राखीव गटाला पंचेचाळीस.

लग्नाचं तू एका ओळीत उरकलंस, मीही फार लांबवत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वडिलांशी दोन वर्षांबद्दल बोल. ‘मला लग्नच नको’ असं बोलून भांडण उभं करू नकोस आणि ‘बघू’ म्हणून गप्पही बसू नकोस. प्रवेश, फी, सवलत, परीक्षा कधी, हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. परमुलखात राहून धंदा करणाऱ्या माणसाला हिशेब कळतो. आईला आधी बाजूला घे, पोरं सोप्यात बसून वाचायला शिकली ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय.

दिवाळीला वडील आले की त्यांना घेऊन दोन-तीन अध्यापक महाविद्यालयं बघून ये, विट्यातली, सांगलीतली, कऱ्हाडची किंवा साताऱ्याची, जिथं जायची सोय असेल तिथली. सुट्टी लागायच्या आधी, साध्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराला न सांगता जा. वर्ग भरलेत का, ग्रंथालय उघडं आहे का, ते बघ. एनसीटीईच्या मान्यतेचं पत्र मागून बघ. प्राचार्यांशी बोलणं होईलच, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार : तुम्ही इंटर्नशिपला कोणत्या शाळेत होता, तिथं किती पाठ घेतले, पाठाला निरीक्षक खरंच येऊन बसायचे का? ज्या कॉलेजातल्या मुली शाळेचं नाव, वर्ग आणि पोरांचे किस्से सांगायला लागतील, तिथं अर्ज भर.